कानपूरच्या भंगारातून बॉम्बर उठवणाऱ्यांनी आता एक हरिकेन उडवावे : मेंटेनन्स कमांड आणि एचएएलला खुले पत्र

प्रति,
एअर ऑफिसर कमांडिंग-इन-चीफ, मेंटेनन्स कमांड, भारतीय हवाई दल, वायुसेनानगर, नागपूर
आणि
अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक, हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेड, बंगळूर

महोदय,
स. न. वि. वि.

पत्रास कारण की, दिल्लीला पालमच्या हवाई दल संग्रहालयात एक हॉकर हरिकेन उभे आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आपल्या स्क्वाड्रननी जी लढाऊ विमाने वापरली, त्या जातीचे हे विमान. ते पुन्हा उडते करावे, आणि ते काम परदेशी कंपनीकडे न पाठवता आपल्या देशात, शक्य तर नाशिकजवळ ओझरच्या ११ बेस रिपेअर डेपोत, आपल्या फिटरांच्या हातून व्हावे, एवढी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. पत्र खुले ठेवले, कारण हा विषय एका कार्यालयाच्या फायलीत मावणारा नाही. विमान संग्रहालयाचे, डेपो कमांडचा, यंत्रशाळा कंपनीची आणि हातातला अनुभव निवृत्त माणसांकडे. हे सगळे एका हँगरमध्ये आणायचे तर सर्वांनी एकदमच वाचलेले बरे.

मी निवृत्त एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याचे काम करणारा कारागीर आहे. रिव्हेट, पत्रा आणि गंज यांच्याशी आयुष्य गेले. जुन्या विमानाकडे पाहताना माझी नजर आधी त्याच्या रंगावर जात नाही, सांध्यांवर जाते. म्हणून या पत्रात भावनेचे बोलणे असेल तसे कामाचेही असेल.

सुरुवात एका हरिकेनच्याच गोष्टीने करतो, कारण ती आपल्या देशात घडली आणि आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे. आर ४११८ या क्रमांकाचे हरिकेन ग्लॉस्टर कंपनीच्या कारखान्यात बांधले गेले आणि ऑगस्ट १९४० मध्ये ब्रिटिश हवाई दलाच्या ६०५ स्क्वाड्रनकडे आले. ब्रिटनवरील हवाई लढाई तेव्हा ऐन भरात होती. या एका विमानाने त्या लढाईत ४९ मोहिमा केल्या आणि शत्रूची ५ विमाने पाडण्यात त्याचा वाटा होता. पुढे ते प्रशिक्षणाच्या कामाला लागले, आणि १९४३ च्या अखेरीस पेटाऱ्यात बंद होऊन जहाजाने भारतात आले. युद्ध संपले, इंग्रज निघाले, आणि १९४७ मध्ये हे विमान अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी म्हणून बनारस हिंदू विद्यापीठाला मिळाले.

तिथे ते आवारात उघड्यावर राहिले. ऊन, पाऊस, वर्षामागून वर्षे. १९८२ मध्ये पीटर व्हॅशर नावाचे एक इंग्रज गृहस्थ जुन्या रोल्स-रॉइस मोटारींच्या शोधात भारतात फिरत होते, त्यांनी ते पाहिले. त्यांच्या ते मनात घर करून राहिले. पुढे त्यांनी विद्यापीठाशी सहा वर्षे वाटाघाटी केल्या आणि २००१ मध्ये विमान विकत घेऊन इंग्लंडला नेले. सफोकमधल्या कारागिरांनी ते पूर्ण उकलले, एकेक नळी तपासली, लाकडाचे सांगाडे नव्याने केले, कापड चढवले, त्याचे मर्लिन इंजिन ओव्हरहॉल केले, म्हणजे पूर्ण उघडून दुरुस्त केले. २३ डिसेंबर २००४ रोजी केंब्रिजला ते पुन्हा आकाशात गेले. ब्रिटनच्या लढाईत प्रत्यक्ष लढलेले आणि आज उडू शकणारे हरिकेन ही किती दुर्मीळ गोष्ट आहे, हे त्या देशाला नीट माहीत आहे. १९४० मध्ये ते विमान चालवलेले बॉब फॉस्टर म्हातारपणी त्याला पुन्हा भेटले.

व्हॅशर यांना मी दोष देत नाही. त्यांनी ते वाचवले, रीतसर पैसे मोजले, आणि त्याची सेवा केली. मला खुपते ते वेगळेच. अर्धशतकाहून अधिक काळ ते विमान आपल्या एका मोठ्या अभियांत्रिकी शिक्षणसंस्थेच्या आवारात होते. ते उडवता येईल असे आपल्यापैकी कुणाच्या मनात आले नाही, आणि परक्या माणसाच्या मनात एका नजरेत आले.

असे एकदाच झाले असते तर गोष्ट वेगळी. स्वातंत्र्यानंतर आपल्या हवाई दलाने हॉकर टेम्पेस्ट ही लढाऊ विमाने वापरली. ती निवृत्त झाल्यावर तळांवर पडून राहिली, आणि सत्तरच्या दशकाच्या शेवटी त्यांतली अनेक परदेशी संग्राहकांना विकली गेली. आज जगात टेम्पेस्टचे जे सांगाडे उरले आहेत त्यांचा मोठा भाग भारतातून गेलेला आहे. त्यातलेच एक, आपल्याकडे एचए ५८६ या क्रमांकाने उडालेले, ऑक्टोबर २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या सायवेलच्या धावपट्टीवरून पुन्हा उडाले. स्पिटफायरचीही हीच कथा. लिबरेटर बॉम्बरचे तर विचारूच नका. १९६८ मध्ये एक कॅनडाला गेले. १९६९ मध्ये एक पुण्याहून निघून अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या पिमा संग्रहालयात पोहोचले. १९७४ मध्ये एक ब्रिटनच्या हवाई दल संग्रहालयाला मिळाले. ही सगळी स्वतःच्या इंजिनांवर उडत गेली, हे लक्षात घ्या. आणखी एक ऐंशीच्या दशकात इंग्लंडमार्गे अमेरिकेतल्या कॉलिंग्ज फाउंडेशनकडे गेले. तिथे त्याच्यावर जवळपास एक लाख मनुष्यतास खर्ची पडले आणि १९८९ मध्ये ते उडाले. अनेक वर्षे ते अमेरिकेच्या गावोगावी फिरले. त्या पिढीतले म्हातारे त्याच्या पंखाखाली उभे राहून रडत.

ही विमाने परदेशी संग्रहालयांना हवीशी वाटावीत इतकी चांगली का राहिली होती? उत्तर कानपूरमध्ये आहे, आणि ते आपल्या दोन्ही संस्थांचे आहे. म्हणून इथे थोडा थांबतो.

लिबरेटर म्हणजे बी-२४. चार इंजिने, ११० फुटांचा पंख, दोन शेपट्या, अठरा हजारांहून अधिक संख्येने बांधलेले अमेरिकन बॉम्बर. अमेरिकेने ती ब्रिटिश हवाई दलाला उसनवारीच्या कराराने दिली होती. युद्ध संपल्यावर ती परत न्यायची किंवा निकामी करायची, अशी अट होती. परत नेण्यात कुणालाच रस नव्हता. भारतातली अशी विमाने कानपूरच्या चकेरी तळावर गोळा केली गेली आणि ती पुन्हा कुणाच्या कामी येऊ नयेत याची पद्धतशीर व्यवस्था झाली. इंजिनांत वाळू गेली, उपकरणे फोडली, पत्र्याला भोके पडली. मग ती तशीच सोडून इंग्रज निघून गेले.

नव्या भारताच्या हवाई दलाकडे जड बॉम्बर नव्हता आणि नवा घ्यायला पैसा नव्हता. काश्मीरची लढाई चालू होती. त्या वेळी हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या, म्हणजे आजच्या एचएएलच्या, माणसांना विचारले गेले : यातून काही उभे राहील का? ती माणसे कानपूरला गेली. एका विमानाचा शेपटीचा भाग, दुसऱ्याचे इंजिन, तिसऱ्याचे चाक असे जमवत त्यांनी एकेक लिबरेटर फक्त बंगळूरपर्यंत उडण्याइतके सावरले. कंपनीचे मुख्य चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती उडवत बंगळूरला नेली, आणि तिथे त्यांचे पूर्ण ओव्हरहॉल झाले. नोव्हेंबर १९४८ मध्ये ५ क्रमांकाची स्क्वाड्रन लिबरेटरवर उभी राहिली. एकूण ४० च्या वर लिबरेटर अशी भंगारातून उठली. पुढे ६ स्क्वाड्रनने पुण्याहून याच विमानांनी अरबी समुद्रावर टेहळणी केली, आणि शेवटची लिबरेटर १९६८ मध्ये निवृत्त झाली. ज्या देशांनी ती बांधली आणि वापरली, त्यांनी आपापली केव्हाच वितळवून टाकली होती. आपण वीस वर्षे उडवत राहिलो. म्हणून नंतर संग्रहालयासाठी लिबरेटर हवे झाले तेव्हा अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा तिघेही आपल्या दारात आले.

मी या धंद्यातला आहे म्हणून सांगतो, वाळू गेलेले इंजिन पुन्हा चालवणे म्हणजे काय असते ते बाहेरच्या माणसाला उमगत नाही. लिबरेटरचे ट्विन वास्प इंजिन १४ सिलिंडरचे. प्रत्येक सिलिंडर उतरवायचा, बेअरिंग धुवायच्या, तेलाची प्रत्येक वाट मोकळी करायची. एक कण राहिला तर हवेत बेअरिंग जाते. अशी चार इंजिने एका विमानाला, आणि अशी ४० विमाने.

हे आकाशातून पडले नव्हते. २३ डिसेंबर १९४० रोजी हिंदुस्थान एअरक्राफ्ट स्थापन केली ती सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी, म्हैसूर संस्थानाच्या साथीने. लोक मोटारींचेही सुटे भाग बाहेरून आणत होते त्या काळात या माणसाने विमानाचा कारखाना काढला, आणि वर्षभराच्या आत, ऑगस्ट १९४१ मध्ये, तिथून पहिले हार्लो प्रशिक्षण विमान उडाले. १९४२ मध्ये सरकारने वालचंदांचा वाटा घेतला. १९४३ मध्ये कारखाना अमेरिकी लष्करी हवाई दलाच्या देखरेखीखाली गेला, आणि युद्ध संपेपर्यंत तिथे कॅटालिना, मिचेल, डाकोटा आणि हो, लिबरेटर यांची दुरुस्ती आणि ओव्हरहॉल चालली. बंगळूरच्या कामगारांनी लिबरेटरची आतडी आधीच पाहिली होती. कानपूरला त्यांनी जे केले त्याच्या मागे युद्धकाळातल्या या कामाची शिदोरी होती.

मुन्शींचे नाव तरी इतिहासात राहिले. कानपूरच्या उन्हात इंजिने धुणाऱ्या फिटरांची नावे हजेरीपटात गेली. एचएएलला माझी पहिली मागणी खरे तर हीच आहे, हरिकेनच्याही आधीची : कानपूर आणि बंगळूरच्या त्या कामाचे जे काही कागद तुमच्या दप्तरात असतील, जॉब कार्ड, तपासणीचे तक्ते, फोटो, पगारपत्रके, ते शोधून काढा आणि लोकांसमोर ठेवा. त्यांच्या मुलाबाळांना, नातवंडांना आवाहन करा. ही सैनिकी गुपिते नाहीत. आजोबांनी काय केले ते घरच्यांनाही ठाऊक नसेल.

आता अलीकडचे. हवाई दलाने जुन्या विमानांची स्वतंत्र व्हिंटेज फ्लाइट उभी केली याचा मला मनापासून आनंद आहे. ८ ऑक्टोबर २०१२ च्या हवाई दल दिनाला हिंडनवर टायगर मॉथ उडाले. मग हार्वर्ड आले. २०१८ मध्ये डाकोटा आले : १९४४ साली बांधलेले, राजीव चंद्रशेखर यांनी आपल्या डाकोटा वैमानिक वडिलांच्या स्मरणार्थ हवाई दलाला भेट दिलेले. कोव्हेंट्रीहून निघून युरोप आणि अरबस्तान ओलांडत ते एप्रिलमध्ये जामनगरला उतरले. त्याला परशुराम हे नाव आणि व्हीपी ९०५ हा क्रमांक दिला. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी श्रीनगरच्या धावपट्टीवर पहिल्या शीख पलटणीचे जवान उतरवणाऱ्या डाकोटाचा हा क्रमांक. निवड अगदी योग्य होती. परशुराम डोक्यावरून जाते तेव्हा त्या इंजिनांचा आवाज छातीत जाणवतो, आणि तो आवाज संग्रहालयातल्या कोणत्याही काचेमागे मिळत नाही.

पण टायगर मॉथ आणि डाकोटा, दोन्ही उडती झाली ती इंग्लंडमध्ये. त्या वेळी ते बरोबरही असेल. आपल्याकडे हे काम थांबून खूप काळ लोटला होता आणि कुठून तरी सुरुवात करायची होती. मात्र पुढचे विमानही तिकडेच गेले, आणि त्यापुढचेही, तर आपण जुनी विमाने फक्त विकत घेऊन उडवणारे होऊ. विमान परत येईल, ते जिवंत करण्याची विद्या तिकडेच राहील. जो देश १९४८ मध्ये ड्रॉइंग पुरी हाती नसताना चार इंजिनांचे बॉम्बर उभे करत होता, त्याला एका इंजिनाचे हरिकेन जमणार नाही, हे मला पटत नाही.

हरिकेनच का, हे विचारणे रास्त आहे. पालमच्या संग्रहालयात त्याहून दुर्मीळ विमाने आहेत. वेस्टलँड वापिटीच घ्या. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या ड्रिग रोडवर आपल्या हवाई दलाची पहिली फळी उभी राहिली ती चार वापिटींवर, आणि पालमचे वापिटी हे जगात उरलेले एकमेव पूर्ण वापिटी आहे. त्याला कुणी हात लावू नये. ते उडवण्याचा विचारही पाप ठरेल. लिबरेटर? त्याच्यावर माझा जीव आहे हे वरच्या मजकुरावरून कळलेच असेल, तरी ते उडवा असे मी म्हणणार नाही. एवढ्या मोठ्या विमानाला नियमित उडते ठेवणे अमेरिकेतल्या श्रीमंत संस्थांनाही जड जाते. टेम्पेस्टचे अडते ते सेंटॉरस इंजिनाशी. ते १८ सिलिंडरचे, व्हॉल्व्हच्या जागी सरकत्या स्लीव्ह असलेले यंत्र आहे. त्याचे सुटे भाग आणि ते जाणणारी माणसे जगात बोटांवर मोजण्याइतकी.

हरिकेन मात्र फिटरचे विमान आहे. त्याचा सांगाडा पोलाद आणि ड्युराल्युमिन या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या नळ्यांचा, आणि त्या नळ्या वेल्डिंगने जोडलेल्या नाहीत. टोके चौकोनी करून पट्ट्या आणि बोल्टने बांधल्या आहेत. एक नळी खराब झाली तर ती सोडवून दुसरी बसवता येते. मागच्या भागात त्यावर लाकडी फासळ्या आणि लिननचे कापड. म्हणूनच इंफाळसारख्या वेढा पडलेल्या ठिकाणी, पावसात, चिखलात, तंबूत राहणारे मेकॅनिक ते चालू ठेवू शकले. खरी परीक्षा मधल्या पंखाच्या स्पारची, म्हणजे पंखाचा भार पेलणाऱ्या मुख्य तुळईची. त्याच्या कडा कठीण पोलादाच्या पत्र्याला अनेक बाजूंचा आकार देऊन, एकात एक बसवून केलेल्या असतात. तो आकार रोलिंगने अचूक काढणे हे या विमानाच्या कामातले सगळ्यात अवघड पाऊल, आणि इंग्लंडच्या कारागिरांनाही ते सहज साधले नाही. पण सुखोईचे भाग घडवणाऱ्या एचएएलच्या कारखान्याला पोलादाच्या रोलिंगचे भय वाटू नये. मर्लिन इंजिनाचे म्हणाल तर जगभर ती आज मोठ्या संख्येने चालू आहेत, त्यांचे भाग मिळतात, आणि पहिले इंजिन बाहेरून ओव्हरहॉल करून आणले तरी त्यात कमीपणा नाही. ते उघडताना आणि जोडताना आपली दोन माणसे शेजारी उभी असली म्हणजे झाले.

आणि या विमानाचा आपल्याशी असलेला संबंध रक्ताचा आहे. १९४४ मध्ये जपानी सैन्याने इंफाळला वेढा घातला तेव्हा आपली १ स्क्वाड्रन तिथे हरिकेन घेऊन होती, स्क्वाड्रन लीडर अर्जन सिंग यांच्या हाताखाली. त्यांना विशिष्ट उड्डाण पदक, म्हणजे डीएफसी, तिथेच मिळाले. आराकानच्या जंगलावर मेहर सिंग यांची ६ स्क्वाड्रन हरिकेनमधून फोटो काढत फिरली. हेच मेहर सिंग पुढे १९४८ मध्ये डाकोटा घेऊन लेहला उतरले, आणि याच ६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनने पुढे पुण्याहून लिबरेटर उडवली. आपले हृषीकेश मुळगावकर, पुढे महावीरचक्राचे मानकरी आणि हवाई दल प्रमुख, हे याच युद्धकाळात हवाई दलात आलेले. या पिढीतले आता कुणी उरले नाही असेच म्हणायला हवे. त्यांच्या हाताखालून गेलेले यंत्र तेवढे उरले आहे.

आक्षेप येतील आणि ते हलके नाहीत. पहिला जिवाचा. २०१९ मध्ये अमेरिकेत कनेक्टिकटला प्रवाशांना घेऊन उडालेले बी-१७ हे जुने बॉम्बर पडले आणि ७ माणसे गेली. ते त्याच कॉलिंग्ज फाउंडेशनचे होते. २०२२ मध्ये डॅलसच्या हवाई प्रदर्शनात दोन जुनी विमाने एकमेकांवर आदळून ६ गेले. जुनी विमाने क्षमा करत नाहीत. म्हणून या हरिकेनने कधी कोलांट्या घेऊ नयेत, ढगात जाऊ नये, गर्दीच्या डोक्यावरून उडू नये, वर्षाकाठी मोजकेच तास हवेत असावे. एका आसनाचे विमान आहे, त्यामुळे प्रवाशाचा प्रश्नच येत नाही. ज्या दिवशी तपासणीत शंका येईल त्या दिवसापासून ते जमिनीवर. हा अधिकार वैमानिकाच्याही वर फिटरकडे असावा. तपासणीत सांगाड्याची हाडे मुळातच उडण्याजोगी नाहीत असे निघाले, तर तसे जाहीर करून ते इंजिन चालू होण्यापर्यंत आणून थांबावे. मला तेही चालेल. तपासल्यावाचून नाही म्हणणे मला चालणार नाही.

दुसरा आक्षेप संग्रहालयवाल्यांचा. उडवायचे तर जुने भाग बदलावे लागतात, मग मूळ वस्तू उरते किती? हा वाद मी गंभीरपणे घेतो, कारण मी स्वतः निकामी म्हणून भाग काढून फेकण्याच्या शिस्तीत वाढलो. इथे ती शिस्त चालणार नाही. काढलेला प्रत्येक तुकडा, बोल्टसुद्धा, चिठ्ठी लावून, फोटो काढून, कोणत्या जागेचा ते लिहून जपावा. पन्नास वर्षांनी कुणाला मूळ विमान पुन्हा जुळवावेसे वाटले तर त्याला ते जुळवता आले पाहिजे. हरिकेन जगात इतरत्र अजून बरीच आहेत, त्यामुळे ही जोखीम वापिटीच्या जोखमीसारखी नाही.

पैशाचे थोडक्यात. खर्च येईल, आणि लोक देतील. मुंबईत आपण विक्रांत गमावली. १९७१ च्या युद्धातली ती युद्धनौका अकरा वर्षे संग्रहालय म्हणून उभी होती, शेवटी २०१४ मध्ये ती भंगारात गेली, आणि नंतर हळहळणाऱ्यांची रांग लागली. ती हळहळ वेळेवर कामी आणणारी पारदर्शक निधी-योजना करा. शाळेतली मुलेसुद्धा एका रिव्हेटचे पैसे देतील.

ओझरच का म्हणतो तेही सांगतो. सप्टेंबर २०२५ मध्ये चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला गेला. साठच्या दशकापासून एचएएलच्या ओझरच्या कारखान्यात ही विमाने बांधली गेली. त्यांच्यावर हात चालवलेली माणसे आज नाशिक, ओझर, पिंपळगाव, दिंडोरी या पट्ट्यात राहतात. पत्र्याला हाताने वळण देणारी, कानाने इंजिनाचा दोष ओळखणारी, ड्रॉइंग नसेल तर मापे घेऊन ड्रॉइंग करणारी. संगणकावरून चालणाऱ्या यंत्रांच्या काळात ही विद्या कारखान्याला रोज लागत नाही, म्हणून ती पुढे दिली जात नाही. अनेकजण साठीच्या, सत्तरीच्या पुढे आहेत. पाच वर्षांनी हे पत्र लिहिले तर त्यातले कितीजण पाना उचलू शकतील? त्यांना मानधनाची फार अपेक्षा नसेल. गेटपास, चहा आणि काम शिकायला चार पोरे द्या. ती पोरे नाशिक-पुण्याच्या आयटीआयमधून आणि विमान देखभालीच्या अभ्यासक्रमांतून मिळतील. कापड चढवण्याचे, त्यावर डोप (कापड ताणून घट्ट करणारा लेप) मारण्याचे काम कुणाला येते असे विचारत असाल तर पुण्यात हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरकडे चौकशी करा. लाकडी सांगाड्याची ग्लायडर ज्यांनी सांभाळली त्यांना लिननची भीती वाटत नाही.

नागपूरच्या कमांडकडे डेपो आहेत, तपासणीची साधने आहेत, शिस्त आहे. एचएएलकडे यंत्रशाळा आहे आणि कानपूरचा वारसा आहे. म्हणून दोघांना मिळून पहिले पाऊल सुचवतो, ज्याला उड्डाणाचा निर्णयही लागत नाही आणि मोठी तरतूदही नाही. तीन-चार अनुभवी माणसांचे एक पथक पालमला पाठवा. हरिकेनची पॅनेल उघडू द्या, स्पार आणि नळ्या भेगा दाखवणारा रंग (डाय) लावून, एक्स-रे काढून तपासू द्या, लाकडाची स्थिती पाहू द्या, काय आहे आणि काय नाही याची यादी करू द्या. तो अहवाल जाहीर करा. पुढे काय करायचे ते त्या अहवालावरून ठरेल, आणि तेव्हा संग्रहालय, वैमानिक, लेखा विभाग सगळ्यांनी आपापले बोलावे.

पथकात बाहेरच्या निवृत्त माणसाला जागा असेल तर माझे नाव धरावे. माझी हत्यारे मी घेऊन येईन. उत्तर मेंटेनन्स कमांडने आणि एचएएलने जाहीरच द्यावे, म्हणजे ओझर-पिंपळगावच्या बाकीच्या म्हाताऱ्यांनाही ते वाचता येईल.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त एअरफ्रेम फिटर
नाशिक जिल्हा